बोटासाठी लिहायचे की कानासाठी : व्हायोलिनच्या हार्मोनिक्सचे संगणकावरील लेखन

परभणीच्या एका तरुण संगीतकाराने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांनी दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रचना लिहिली आहे आणि तिचा षड्ज पांढरी दोन, म्हणजे डी, हा आहे. शेवटच्या तीन बारांत पहिल्या व्हायोलिनने अतितार सप्तकातील सा, प आणि ग हे स्वर एकामागून एक हार्मोनिक्समध्ये, म्हणजे तारेला बोटाचा अलगद स्पर्श करून निघणाऱ्या नादांत, धरावेत, अशी त्यांची कल्पना आहे. त्यासाठी जे स्वर ऐकू यायला हवेत तेच त्यांनी कागदावर लिहिले आणि त्यांना हिऱ्याच्या आकाराचे नोटहेड, म्हणजे स्वराच्या खुणेचे डोके, लावले. संगणकाने ते स्वर बिनचूक वाजवले. वादकाने मात्र पार्ट, म्हणजे त्याच्या वाट्याचा कागद, परत पाठवला आणि सोबत एवढेच लिहिले, की तार कोणती आणि बोट कुठे ठेवायचे ते कळत नाही. सॉफ्टवेअर वापरण्यात काही चुकते आहे का, आणि हिरा, लहान वर्तुळ व दुहेरी स्वर या तीन खुणांपैकी नेमकी बरोबर कोणती, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सॉफ्टवेअर चुकलेले नाही आणि तिन्ही खुणा बरोबर आहेत, परंतु त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. रिकामा हिरा बोटाची जागा सांगतो : या स्वराला बोट जिथे दाबले असते तिथे तार दाबू नका, फक्त स्पर्श करा. साध्या नोटहेडवरचे लहान वर्तुळ ऐकू येणारा स्वर सांगते. तो कुठून काढायचा हे वादकाने ठरवायचे असते. दुहेरी स्वरात, म्हणजे खाली साधे नोटहेड आणि वर हिरा अशा जोडीत, खालच्या जागी तार दाबायची आणि वरच्या जागी स्पर्श करायचा असतो. तुम्ही हिऱ्याची खूण घेतली, पण तिच्यात वर्तुळाचा अर्थ भरला. त्यामुळे वादकाला पाच रेषांवरील चौथ्या जादा रेषेच्याही वर एक हिरा दिसला आणि तिथे स्पर्श करायचा की तो स्वर ऐकवायचा, हे त्याला सांगता येईना. त्याने पार्ट परत पाठवला हे योग्यच केले.

खुणांचे अर्थ हाताला एकदा समजले की विसरत नाहीत, म्हणून घरी तानपुरा असेल तर तो पुढ्यात घ्या. खर्जाची तार छेडा आणि घोडी व वरची अट यांच्या बरोबर मध्यावर बोटाचे टोक अलगद टेकवून लगेच उचला. खर्ज नाहीसा होतो आणि त्याच्या वरच्या सप्तकातील षड्ज घंटेसारखा स्वच्छ उमटतो. तारेच्या एकतृतीयांश अंतरावर तेच केले तर पंचम मिळतो, एकचतुर्थांशावर दोन सप्तके वरचा षड्ज मिळतो आणि एकपंचमांशावर मिळतो तो गंधार. जुळलेल्या तानपुऱ्यात जो स्वयंभू गंधार आपण ऐकतो, तो हाच. तो खर्जाच्या तारेतच असतो. बोट फक्त बाकीचे नाद बाजूला सारून त्याला मोकळे करते. तार पूर्ण लांबीत कंप पावत असताना तिचे दोन, तीन, चार, पाच असे समान भागही एकाच वेळी कंप पावत असतात आणि ज्या भागांच्या सांध्यावर बोट टेकते तेच भाग उरतात. हार्मोनिक्सचे सगळे लेखन या एका गोष्टीवर उभे आहे.

व्हायोलिनच्या तारेची कंप पावणारी लांबी साधारण ३२.८ सेंटिमीटर असते. डी तारेवर नटापासून, म्हणजे तारेच्या वरच्या टोकाच्या अटीपासून, १६.४ सेंटिमीटरवर मध्य येतो आणि तिथे एक सप्तक वरचा डी मिळतो. सुमारे १०.९ सेंटिमीटरवर, म्हणजे ए या स्वराच्या जागी, स्पर्श केल्यास एक सप्तक आणि पंचम एवढ्या उंचीवरचा ए मिळतो. सुमारे ८.२ सेंटिमीटरवर जीची जागा आहे आणि तिथे दोन सप्तके वरचा डी मिळतो. साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास एफ शार्पची जागा आहे आणि तिथून दोन सप्तके वरचा एफ शार्प निघतो. बीच्या जागी, म्हणजे दोनपंचमांशावर, स्पर्श केला तरी तोच एफ शार्प येतो. त्याखाली साडेपाच सेंटिमीटरजवळ एफ नॅचरलची जागा आहे, तिथे तारेचे सहा भाग होतात आणि दोन सप्तके व पंचम एवढ्या उंचीवरचा ए ऐकू येतो. बीची जागा सोडली, तर स्पर्शाची जागा नटाकडे सरकत जाते तसा ऐकू येणारा स्वर चढत जातो. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, आणि लिहिताना हमखास गोंधळ होतो तोही इथेच.

आता तुमचे तीन बार पाहू. मधल्या सीला सी-४ आणि ४४० हर्ट्झच्या एला ए-४ म्हणण्याची रूढ पद्धत मी पाळतो.

पहिल्या बारात तुम्हाला डी-६ हवा आहे. तो डी तारेवर जी-४च्या जागी स्पर्श करून मिळतो, म्हणून हिरा पाच रेषांपैकी खालून दुसऱ्या रेषेवर काढा आणि वर तारेचा क्रमांक रोमन आकड्यांत तीन असा लिहा, कारण व्हायोलिनच्या तारा वरच्या ई तारेपासून मोजतात. दुसऱ्या बारातील ए-६ हा ए तारेवर डी-५च्या जागी मिळतो. हिरा चौथ्या रेषेवर आणि तारेचा आकडा दोन. हाच स्वर डी तारेच्या सहाव्या भागातूनही निघतो, पण तो सांधा इतका अरुंद असतो की बोट किंचित हलले तरी नाद फाटतो. तेव्हा ए तारच घ्यावी.

तिसऱ्या बारातील गंधार, म्हणजे एफ शार्प-६, हा या रचनेतील सर्वांत विचार करायला लावणारा स्वर आहे. डी तारेच्या पाचव्या भागातून तो सहज निघतो. हिरा एफ शार्प-४वर किंवा बी-४वर काढा. मी बी-४ निवडतो, कारण तो सांधा हाताला अधिक सुखाचा आहे. मात्र तारेतून आपोआप निघणारा हा गंधार डी-४च्या पाचपट, म्हणजे सुमारे १४६८ हर्ट्झचा असतो, तर पियानोच्या समविभाजित सप्तकातील एफ शार्प-६ हा १४८० हर्ट्झचा असतो. फरक जवळजवळ १४ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आहे आणि लांब धरलेल्या स्वरात तो कानाला कळतो. तुमचा चेलो तिथे खालचा डी धरून असेल, तर हा उतरलेला गंधार त्यात विरघळून जाईल आणि तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला तो घरचा वाटेल; माझ्या मते रचनेचा शेवट त्यावरच व्हावा. पण त्याच वेळी दुसरे व्हायोलिन किंवा व्हायोला दाबलेल्या तारेवर एफ शार्प वाजवत असेल, तर दोन गंधार एकमेकांना घासतील. तसे असेल तर कृत्रिम हार्मोनिक घ्या : एफ शार्प-४वर पहिले बोट दाबलेले आणि बी-४वर चौथ्या बोटाचा स्पर्श. या जोडीतही तोच एफ शार्प-६ ऐकू येतो, पण त्याची उंची आता पहिल्या बोटाच्या ताब्यात असते. दोन्ही लेखनांत हिरा त्याच बी-४वर राहतो. खाली साधे नोटहेड असणे किंवा नसणे एवढाच कागदावरचा फरक आहे. म्हणून खालचे नोटहेड चुकून गळू देऊ नका.

कृत्रिम हार्मोनिकमध्ये दाबलेल्या स्वरापासून शुद्ध मध्यमाच्या अंतरावर स्पर्श केला, की दाबलेल्या स्वराच्या दोन सप्तके वरचा स्वर मिळतो. पंचमाच्या अंतरावर स्पर्श करूनही एक सप्तक आणि पंचम वरचा स्वर काढता येतो, पण त्याला हात फार ताणावा लागतो, म्हणून तो क्वचितच लिहितात. मध्यमाचा हा नियम सोपा असला तरी शार्प-फ्लॅटच्या खुणांनी तो पुष्कळ वेळा बिघडवलेला मी पाहिला आहे. दाबलेला स्वर एफ नॅचरल असेल तर हिरा बी फ्लॅटवर हवा. नुसता बी लिहिला की अंतर तीव्र मध्यमाचे होते आणि तारेतून अस्पष्ट खरखर निघते. तुमच्या डी मेजरमध्ये दाबलेला स्वर जी असेल तर हिरा सीवर येतो, पण स्केलच्या खुणांत सी आधीच शार्प आहे, म्हणून हिऱ्यापुढे नॅचरलची खूण स्पष्टपणे काढावी लागते. हिऱ्यालाही स्वतःची शार्प-फ्लॅटची खूण लागते हे लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर हे अंतर तुमच्यासाठी तपासत नाही.

कृत्रिम जोड्या लिहिताना हाताचाही विचार करावा. डी तारेवर पहिल्या स्थानात, म्हणजे हात नटाजवळ ठेवून, ई दाबला तर चौथे बोट सुमारे ७.३ सेंटिमीटर पुढे पोहोचावे लागते. तारेच्या मध्यावर दाबले असता हेच अंतर ४.१ सेंटिमीटर होते. प्रत्येक स्वराला पंजाचा पसारा बदलतो, त्यामुळे कृत्रिम हार्मोनिक्समध्ये जलद उड्या लिहिल्या तर चांगल्या वादकाचेही सूर हलतात. सावकाश चालणारी, जवळजवळच्या स्वरांची ओळ मात्र सुंदर वाजते.

हिऱ्याचा आकार आणि स्वराचा कालावधी यांच्यातील नातेही समजून घ्यायला हवे. दुहेरी स्वरात हिरा नेहमी रिकामा ठेवतात, स्वर एक मात्रेचा असो वा चार मात्रांचा. कालावधी खालच्या साध्या नोटहेडवरून वाचायचा असतो. एकट्या हिऱ्याच्या बाबतीत ही सोय नाही, कारण दांडी असलेला रिकामा हिरा दोन मात्रांचा की एका मात्रेचा हे डोळ्यांना कळत नाही. तुमचे तिन्ही स्वर पूर्ण बारभर धरायचे आहेत, त्यामुळे हिऱ्याला दांडीच नसेल आणि अडचण येणार नाही. जिथे छोटे कालावधी आहेत, तिथे मी हिऱ्यावर ऐकू येणारा स्वर लहान आकारात कंसात देतो, किंवा सरळ वर्तुळाची पद्धत वापरतो. वर्तुळ घेताना पॅलेटमधील हार्मोनिकचीच खूण घ्या. मोकळ्या तारेचे शून्य आणि चेलोच्या अंगठ्याची खूण दिसायला तशाच असतात, आणि घाईत शून्य उचलले गेले तर वादक मोकळी तार वाजवील.

म्यूझस्कोरमध्ये हे करण्याची माझी पद्धत अशी आहे. व्हायोलिनच्या ओळीत वादकासाठी लागणारे लेखन करावे : हिरा, किंवा साधा स्वर आणि हिरा यांची जोडी. ते स्वर निवडून गुणधर्मांच्या पॅनेलमधील 'प्ले' या चौकटीतील खूण काढावी, म्हणजे संगणक ते वाजवणार नाही. ऐकू येणारा स्वर त्याच ओळीत दुसऱ्या आवाजात (सॉफ्टवेअरच्या भाषेत 'व्हॉइस') लिहून अदृश्य करता येतो, आणि बरेच जण तसेच करतात. पण दुसरा आवाज आला की पहिल्या आवाजाच्या दांड्यांची दिशा बदलते, रिकाम्या जागी विरामाच्या (रेस्टच्या) खुणा उगवतात, आणि त्या एकेक करून दुरुस्त करावी लागतात. त्यापेक्षा ऐकण्यासाठी एक वेगळे व्हायोलिन स्कोअरमध्ये जोडून त्याच्या ओळीत फक्त ऐकू येणारे स्वर लिहावेत आणि पार्ट छापताना ती ओळ घेऊ नये. थोडे अधिक टंकन होते, पण कागद स्वच्छ राहतो आणि चुका सापडतात.

लिलीपाँड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम टाइप केलेल्या मजकुरातून होते. जोडस्वराच्या कोनी कंसात वरच्या स्वराला हार्मोनिकचा आदेश जोडला की त्याचे नोटहेड रिकामा हिरा होते. वर्तुळासाठी फ्लॅजोलेटचा आदेश आहे. दीड पट कालावधीचा ठिपका लिलीपाँड केवळ साध्या नोटहेडला देते आणि हिऱ्याला देत नाही, ही त्याची मुळातली मांडणी मला पसंत आहे. हवाच असेल तर हार्मोनिकच्या ठिपक्यांची सेटिंग चालू करता येते. मिडी, म्हणजे संगणकाने वाजवायची फाईल, काढताना मात्र लिलीपाँड दाबलेला आणि स्पर्शाचा असे दोन्ही स्वर एकत्र वाजवते आणि कानावर नुसता मध्यमाचा जोडस्वर येतो. यावर उपाय म्हणजे छापायचे संगीत आणि ऐकायचे संगीत यांना वेगवेगळे टॅग लावून दोन स्कोअर बनवणे. डोरिकोमध्ये स्वर निवडून नैसर्गिक (मोकळ्या तारेवरचा) की कृत्रिम (दाबलेल्या तारेवरचा) असा गुणधर्म लावता येतो आणि तारेचा कितवा भाग हवा तेही सांगता येते. या कामापुरते ते सर्वांत समजूतदार सॉफ्टवेअर आहे. फिनाले या जुन्या सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट २०२४मध्ये थांबवल्याचे जाहीर झाल्यापासून अनेकांच्या जुन्या फायली म्यूझिक-एक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाईल-मांडणीतून इतरत्र येत आहेत. त्या मांडणीत दाबलेला, स्पर्शाचा आणि ऐकू येणारा स्वर यांना तीन स्वतंत्र नावे आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. तरी फाईल उघडल्यावर प्रत्येक हिरा हाताने तपासावा, कारण मूळ लेखकाने तो केवळ आकार म्हणून लावला असेल तर नव्या सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ कळायला मार्ग नसतो.

संगणकाच्या वाजवण्यावर विसंबू नका, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका कार्यक्रमासाठी मी एका गीताची तंतुवाद्यांची साथ लिहिली होती. पट्टी पांढरी दोन होती आणि सुरुवातीलाच व्हायोलिनवर डी तारेचा, जी-४च्या जागी स्पर्श करून काढलेला अतितार षड्ज होता. आदल्या संध्याकाळी गायकाने काळी एक मागितली. मी सगळा स्कोअर एका आदेशात अर्ध्या स्वराने खाली आणला, संगणकावर ऐकला, तो अचूक वाजला, आणि पार्ट छापले. सकाळी तालमीत षड्जाच्या जागी मध्यम आला. झाले असे होते, की हिरा जी-४वरून एफ शार्प-४वर सरकला होता, पण वर लिहिलेली डी तार मात्र होती तिथेच राहिली. एफ शार्पच्या जागी डी तारेतून एफ शार्प-६ निघतो, आणि तो नव्या पट्टीचा शुद्ध मध्यम आहे. वादकांनी कागदावर होते तेच प्रामाणिकपणे वाजवले. संगणकाला मात्र हिऱ्याशी काही देणेघेणे नव्हते. तो लपवलेल्या ओळीतील सी शार्प-६ वाजवत होता, आणि ती ओळ बरोबर खाली आली होती. मोकळी तार पट्टीबरोबर खाली येत नाही, ही साधी गोष्ट मी त्या रात्री विसरलो. उपाय दोन मिनिटांचा होता : जी तारेवर सी शार्प-४ दाबून एफ शार्प-४वर स्पर्श, म्हणजे कृत्रिम जोडी. तेव्हापासून पट्टी बदलली की मी आधी प्रत्येक नैसर्गिक हार्मोनिक शोधतो आणि मगच पुढचे काम करतो. कृत्रिम जोड्या पट्टीबरोबर बिनधास्त सरकतात. फक्त नव्या खुणा आणि हाताची पोहोच पाहावी लागते.

छपाईबद्दल थोडे. आपल्याकडे पार्ट बहुधा झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून वाजवले जातात आणि रिकामा हिरा त्यात सर्वांत आधी मरतो. त्याचे पोट शाईने भरले की तो साध्या काळ्या नोटहेडसारखा दिसतो. पाच रेषांची उंची सुमारे ७ मिलिमीटर ठेवा, पानात बसावे म्हणून ती कमी करू नका, आणि प्रत्येक वादकाला मूळ प्रिंट द्या. तसेच हिऱ्यांवर आठ स्वर वर वाजवण्याची खूण कधीही लावू नका. हिरा जागा सांगतो, आणि जागेला सप्तक चढवता येत नाही.

शेवटचे काम सॉफ्टवेअरबाहेरचे आहे आणि ते पार्ट छापण्याआधी करा. तुमचे वादक हिंदुस्तानी पद्धतीने शिकलेले असतील तर ते व्हायोलिन कसे लावतात ते विचारा. मी वर लिहिलेल्या सगळ्या जागा जी, डी, ए, ई या तारा धरून आहेत. आपल्याकडे अनेक जण प-सा-प-सा लावतात. षड्ज डी असेल तर मधल्या दोन तारा डी आणि ए अशाच राहतात, म्हणून तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बारातील हिरे जागचे हलणार नाहीत. पण वरची तार ईऐवजी डी-५ असेल, आणि मग पहिल्या बारातील डी-६ त्या तारेच्या बरोबर मध्यावर, सर्वांत रुंद आणि सर्वांत भरघोस सांध्यावर मिळेल. तिथे स्पर्शाची जागा आणि ऐकू येणारा स्वर एकच असतो. तेव्हा त्या वादकासाठी हिरा काढून टाका, डी-६ साध्या नोटहेडने लिहा, त्यावर लहान वर्तुळ द्या आणि तारेचा आकडा एक असा करा.